सतरा नंबरच्या नवरीचा बाप

आमच्या वावरात गुप्तधन काढायला आलेला माणूस मी एकटीने पकडला होता. हे आधीच सांगून ठेवते, कारण नंतर गावात ज्याने त्याने आपल्या मनाने गोष्ट रचली, आणि एका गोष्टीत तर मी किंचाळत पळाले असं आहे. मी पळाले नव्हते. घाबरले होते, ते वेगळं.

मार्चचा महिना होता. शेलूबाजारपासून दीड-दोन किलोमीटर आत आमचं तीन एकर वावर. वांगी, मेथी, कोथिंबीर आणि एका तुकड्यात हळद. हळद नुकतीच निघाली होती. सकाळी सहाला लाईट येते म्हणून मी मोटर चालू करायला गेले, तर नाल्याकडच्या पडीक कोपऱ्यात, हिवराच्या झाडाखाली, एक माणूस पालथा पडलेला! कान जमिनीला लावलेला. हातात जुन्या टीव्हीच्या अँटेनासारखं काहीतरी, गळ्यात डबी, आणि डबीतून आवाज... टिक... टिक... टिक...

असली डबी आमच्याकडे कशासाठी वापरतात ते लहान लेकरालाही ठाऊक आहे. पलीकडच्या शिवारात मागच्याच वर्षी कुणीतरी कमरेइतका खड्डा खणून, लिंबू-कुंकू वाहून पसार झालं होतं. मी पावडं उचललं.

"ओ! काय करून राह्यले तिकडं?"

त्याने मान वर केली नाही. नुसतं ओठावर बोट ठेवलं.

"हळू बोला... खाली झोपली आहे."

"क... कोण?"

"सतरा नंबर. सप्टेंबरपासून मी तिच्या मागावर आहे."

सतरा! पावडं मी घट्ट धरलं. "मंग पहिल्या सोळा कुठं हायेत?"

"पाच मेल्या," तो शांतपणे म्हणाला. "दोन सापाने खाल्ल्या. बाकीच्या इथेच, आजूबाजूला. जमिनीखाली."

मी पावडं डोक्याच्याही वर नेलं. तेव्हा कुठे त्याने माझ्याकडे नीट पाहिलं, आणि असा काही दचकला की चष्मा नाकावरून घसरून मातीत पडला.

"बेडूक! अहो, बेडूक आहेत ते! बेडकांवर अभ्यास करतोय मी!"

पावडं खाली आणायला मला थोडा वेळ लागला. एक तर ते जड होतं. आणि दुसरं म्हणजे... चष्मा नसलेले त्याचे ते डोळे. अर्ध्या मिशीला माती लागलेली, गालावर गवताची काडी, आणि डोळे मात्र असे, की माणसाने उगीचच बघत राहावं. मी बघत राहिले. तो चष्मा चाचपत राहिला. चष्मा माझ्या पायाजवळ होता, आणि मी तो लगेच उचलून दिला नाही, हे कबूल करते.

त्याचं नाव नवीन. नाशिककडचा, पण अमरावतीला संशोधन करणारा. हे सगळं माझ्या मायने पहिल्याच चहात काढून घेतलं. नाव, आडनाव, मामाचं गाव, बहिणी किती, त्यातल्या लग्नाच्या किती. पोलीसही इतकी चौकशी करत नसतील. तो बिचारा प्रत्येक प्रश्नाचं खरं उत्तर देत होता.

बाबा मात्र मुद्द्याचं बोलले. "मंग सर, ते बेंडूक आमच्या वावरात काहून आले?"

"पलीकडच्या तळ्यात मी त्यांना पट्टे बांधले होते. कमरेला. त्यात बारीक यंत्र आहे, त्याचा आवाज या डबीत येतो. तळं आटलं तशा त्या मऊ जमीन शोधत इकडे आल्या आणि खाली गेल्या."

"खाली करतात काय?"

"काहीच नाही," नवीन म्हणाला, आणि त्याच्या चेहऱ्यावर पहिल्यांदा तेज आलं. "तीच तर गंमत आहे! पावसाळाभर पोटभर खायचं. पोटात पिवळी चरबी साठवायची, यकृतात साखर साठवायची. मग पाणी संपलं की जमिनीत शिरायचं आणि सगळा खर्च बंद. श्वास कमी, हृदयाचे ठोके कमी, हालचाल नाही. तेवढ्या साठ्यावर सहा-सात महिने काढायचे. आणि त्यातूनच अंडीही तयार करून ठेवायची, म्हणजे पाऊस पडला की लगेच बाहेर. मला मोजायचं आहे, की कुठल्या ऋतूत हा साठा कसा आणि किती वापरतात."

बाबांनी बशीतला चहा संपवला. "हे तर आमच्यासारखंच झालं. सोयाबीन आलं की खायाचं, मंग वरच्याकडं पाहत बसायचं."

ठरलं ते असं. पाऊस पडेपर्यंत त्या कोपऱ्यात आम्ही नांगर घालायचा नाही, पाणी सोडायचं नाही. बदल्यात नवीनने बाजाराच्या दिवशी वांग्यांचे क्रेट जीपवर चढवायला मदत करायची. पहिल्याच बाजारी त्याने एक क्रेट स्वतःच्या पायावर पाडला. तरी दर आठवड्याला यायचा. गावाने चौथ्या दिवशी त्याचं बारसं केलं. बेंडूकसर!

आणि मी? मी बीए झालेली, बाजारात अख्ख्या लायनीत माझ्यासारखा भाव कुणी करत नाही, आणि मी त्या पोराच्या येण्याच्या दिवशी सकाळपासून वेणी तीनदा घालायला लागले. मायला कळलं होतं. मायला सगळं कळतं, ती फक्त वेळ बघून बोलते.

तो हिवराखाली आपलं दुकान मांडायचा. पट्टा नसलेला एखादा बेडूक हलकेच मातीसकट काढायचा, काचेच्या बरणीत ठेवायचा, बरणीला नळी, नळीला यंत्र. तासाभरात आतली हवा किती वापरली ते आकड्यात यायचं. मग बेडूक जसा होता तसाच परत मातीत. सतरा नंबरला मात्र हात लावायचा नाही. "ती माझी मुख्य आहे," तो म्हणायचा. "शेवटचं मोजमाप तिचं. अगदी पावसाच्या तोंडावर." मी ताक घेऊन जायचे आणि बसायचे.

"हा जित्ता हाये का नक्की?" मी बरणीवर टिचकी मारत विचारलं.

"टिचक्या मारू नका, जागा होईल. जिवंत आहे. कातडीने श्वास घेतोय."

"पण हालत नाही, बोलत नाही..."

"तुम्ही एका सकाळी जितकं बोलता ना, तेवढ्या ताकदीत हा महिना काढेल."

"हाव का? मंग मी किती दिवसात संपन?"

त्याने माझ्याकडे गंभीरपणे पाहिलं. "तुमचा साठा मोठा दिसतो."

"पोरीले असं म्हणतात?" मी ताकाचा गिलास परत ओढून घेतला. "साठा मोठा दिसते म्हणे! कोणी शिकवलं तुमाले?"

तो इतका गोंधळला, इतका लाल झाला, की शेवटी मीच गिलास परत दिला. देताना बोटाला बोट लागलं. तो एकदम बरणीकडे वळला आणि वहीत काहीतरी लिहायला लागला. मी वाकून पाहिलं. त्याने वेळेच्या रकान्यात वजन लिहिलं होतं आणि वजनाच्या रकान्यात माझं नाव, सुचिता.

एप्रिलच्या एका सकाळी तो कानाला नळ्या लावून बेडकाचे ठोके मोजत होता. "पावसाळ्यात हेच ठोके कितीतरी जास्त असतात," तो म्हणाला. "आता बघा, एक झाला... दुसरा यायला किती वेळ लागतोय..."

"माह्ये मोजा ना."

"काय?"

"ठोके. की तुमाले फक्त बेंडकाईचेच जमतात?"

मी हात पुढे केला. त्याने इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं, आणि दोन बोटं माझ्या मनगटावर ठेवली. दुसऱ्या हाताच्या घड्याळाकडे नजर. हिवराच्या सावलीत वारा नव्हता, पानही हलत नव्हतं. एक मिनिट गेलं. दोन गेली. बोटं तशीच.

"किती भरले?" मी विचारलं. माझाच आवाज मला बारीक वाटला.

"मी... मोजायचं विसरलो."

त्या दिवशी घरी जाताना मी रस्ता चुकले. आमच्याच वावरातून आमच्याच घरी जाताना! प्रेमात पडलं की माणसाला भूक लागत नाही म्हणतात. मला तर भयंकर लागली. चार भाकरी खाल्ल्या, आणि माय नुसती हसत वाढत राहिली.

पण पुढे? पुढे काही नाही. पोरगा बोलायलाच तयार नाही! एप्रिल गेला, मे गेला. मेच्या शेवटी तो म्हणाला, "पाऊस पडला की माझं इथलं काम संपेल."

"मंग?"

"मग अमरावती. लिहायला बसायचं."

"अन् मंग?"

त्याने बरणीचं झाकण लावलं, काढलं, परत लावलं. "तुमच्या बाबांशी... बोलायचं आहे."

"कशावर? बेंडकावर?"

"नाही."

एवढंच! एक 'नाही', आणि मला ते पुरलं. मी म्हटलं, "कवा बोलता?" तर म्हणे, योग्य वेळी. तुमचे बेंडूकच बरे, मी म्हटलं, त्यांना निदान पाऊस पडल्यावर तरी कळतं की आता बाहेर यायचं.

आणि त्या वर्षी पाऊसच येईना. मृग कोरडा गेला. आर्द्रा कोरडी गेली. बियाण्याच्या पिशव्या ओसरीत तशाच, लोक सकाळी उठून आधी आभाळाकडे बघायचे आणि मग एकमेकांकडे. जुलैचा पहिला आठवडा उलटला तेव्हा लखीरामकाका पारावर उभे राहिले आणि म्हणाले, "आता बेंडकाचं लगन लावा लागते."

लखीरामकाका म्हणजे आमच्या गावात पावसासाठी बेडकांची लग्नं लावणारे. वीस वर्षांत सहा लावली. माणसांचं एक जमवता आलं नाही त्यांना, स्वतःचंही नाही, पण बेडकांच्या बाबतीत त्यांचा शब्द शेवटचा. नवरदेव लगेच मिळाला. आमच्या विहिरीत बारा महिने पाणी, त्यामुळे तिथला बेडूक कधी झोपतच नाही, वर्षभर खाऊन गरगरीत झालेला. बाबा नवरदेवाचे बाप ठरले. पण नवरी? शिवारात पाण्याचा थेंब नाही, बाकीचे सगळे बेडूक जमिनीखाली.

नेमका त्याच दिवशी सकाळी नवीनचा फोन आला. "आज येतोय. बाबा घरी आहेत ना? बोलायचं आहे."

मी देवाजवळ दिवा लावला, पोह्यांना कांदा चिरला आणि वेणी चारदा घातली.

दुपारी बघते तर इस्त्रीचा पांढरा शर्ट घातलेला नवीन आमच्या घराकडे न येता वावराकडे पळतोय! मी मागे पळाले. बेंडूकसरांचे बेडूक कुठे झोपलेत ते गावाला ठाऊकच होतं; हिवराखाली वीस-पंचवीस माणसं गोळा झालेली. मध्ये लखीरामकाका, हातात मातीचं ढेकूळ, आणि ढेकळात डोळे मिटून बसलेली सतरा नंबर. ऊन लागल्याने तिने एक पाय हलवला, आणि पट्टा चमकला.

"पाहा रे, पाहा!" काकांनी ढेकूळ सगळ्यांना दाखवलं. "कमरपट्टा घालून बसली बिचारी! आपली वाटच पाहून राह्यली होती."

"थांबा!" नवीन धापा टाकत मध्ये घुसला. "तिला उठवू नका! तिच्याकडे तीन आठवड्यांचाच साठा उरलाय!"

"तीन आठवडे लय झाले. लगन परवा हाये."

"अहो, तिच्या पोटात अंडी आहेत!"

बायकांनी पदर तोंडाला लावले. काकांनी ढेकूळ जरा लांब धरलं.

"लगनाआधीच?"

"नाही, तसं नाही! फळलेली नाहीत! ती फक्त... तयारी असते..."

"सर, बस करा," बाबा हळूच म्हणाले. "चारचौघात पोरीबद्दल असं बोलू नये."

मी वांग्यांच्या रांगेत उभी राहून तोंडात ओढणी कोंबली होती. हसू येत होतं आणि रडूही. वर्षभराची त्याची मेहनत त्या ढेकळात होती, हे मला एकटीला कळत होतं.

शेवटी त्याने हात जोडले. अटी घातल्या. तिला ओल्या मातीच्या मडक्यात ठेवायचं. उन्हात न्यायचं नाही. अंगाला हळद लावायची नाही, कारण ती कातडीने श्वास घेते. लग्न लागल्याबरोबर परत जमिनीत.

"नवरीले हळद नाही?" काका भडकले. "आपण हळद पिकवून राह्यलो अन् आपल्याच नवरीले हळद नाही? अन् तू कोण रे सांगणारा? नवरीच्या बापाशिवाय एवढं आमी कोणाचं ऐकत नसतो!"

"मग मी बाप!" नवीन ओरडला.

झालं. काकांचा चेहरा एकदम फुलला. त्यांचीही मोठी अडचण सुटली होती. नवरदेव आमच्या विहिरीतला, नवरी आमच्याच बांधावरची, म्हणजे एकाच घरातले दोघं, लग्न लागणार कसं? आता नवरीला परका बाप मिळाला. कुणीतरी नवीनच्या डोक्यावर टोपी घातली, हातात नारळ दिला, आणि माझ्या बापाने, ज्याच्याकडे तो माझा हात मागायला आला होता त्या माझ्या बापाने, त्याला करकचून मिठी मारली.

"या, इवाई!"

इवाई म्हणजे व्याही. नवीन मिठीतून माझ्याकडे बघून हसला. सतरा नंबर वाचली म्हणून हसला. मला वाटलं, पावडं कुठाय?

मी त्याला शेवग्याच्या झाडाखाली गाठलं.

"अक्कल हाये का तुमाले?"

"काय झालं? मडक्यात ठेवायला तयार झाले ते. हळदसुद्धा मडक्याच्या बाहेरून लावणार आहेत."

"हळदीले लावा काडी! तुमी माह्या बापाचे इवाई झाले!"

"बेडकांच्या लग्नात."

"लखीरामकाकाच्या हाताने लागलेलं लगन हाये ते! भाऊसिंग अन् धनराज माहीत हायेत ना? आठ वर्षांमागं बेंडकाचे इवाई झाले. अजून दिवाळीले एकमेकाईच्या घरी फराळ पाठवतात. भाऊसिंगच्या लहान भावाले धनराजची पोरगी आवडली तं काका पारावर उभे राह्यले, म्हणे तो तिच्या चुलत्याच्या जागी, नात्यात बसत नाही. सारं गाव हसलं, अन् ते लगन मोडलं ते मोडलंच! अन् तुमी तं सरळ बापच होऊन बसले. मी नवरदेवाची बहीण. आता मी तुमाले काय म्हणू? मामंजी?"

त्याचा चेहरा हळूहळू बदलला. नारळ हातातून सुटून पडला.

"मी आज मागणी घालायला आलो होतो," तो म्हणाला.

"ठाऊक हाये मले! पोह्यासाठी कांदा चिरून बसले मी सकाळपासून!"

"मग... आता?"

"आता खा पोहे. इवाई म्हणून."

आणि मी निघून आले. खूप रडले. रडताना राग त्याच्यावर नव्हता, आमच्या गावावर होता, आणि थोडा त्या बेडकीवर. त्याला आवाज चढवून बोलायला जमलं ते तिच्यासाठी. माझ्यासाठी चार महिने त्याच्या तोंडून शब्द फुटला नव्हता. आता फुटूनही उपयोग नव्हता.

दोन दिवस त्याचा फोन नाही. माय म्हणाली, तो मुक्कामाला लखीरामकाकांकडेच आहे, मडक्याजवळ बसून असतो, आणि काकांना एकसारखे प्रश्न विचारून वहीत लिहून घेतो. मी म्हटलं, बेंडकाचंच काही असेल.

लग्नाच्या दिवशी आभाळ अगदी स्वच्छ. ढगाचा तुकडा नाही. पारापुढे कडुलिंबाच्या डहाळ्यांचा मांडव, बॅन्ड, आणि सगळं गाव. मी करवली म्हणून नवरदेवाची कळशी धरून उभी. आत तो विहिरीतला जाडजूड प्राणी उड्या मारत होता, आणि मला त्याचाही राग येत होता. समोर हळदीने पिवळं केलेलं मडकं, आणि मडक्यामागे नवीन. टोपी, खांद्यावर उपरणं. दाढी वाढलेली. माझ्याकडे बघत होता. मी तोंड फिरवलं. मग परत थोडं वळवलं.

बाबांचा धुतलेला दुपट्टा अंतरपाट म्हणून धरला गेला. लखीरामकाकांनी घसा साफ केला.

"नवरीचा बाप पुढं या!"

नवीन पुढे आला. उपरण्याचं टोक मुठीत धरलेलं. उभा राहिला. कुणीतरी म्हटलं, सर, बोला ना, दिली म्हणा.

"मी..." तो म्हणाला. "मी बाप नाही."

बॅन्डवाल्याची पिपाणी मध्येच थांबली.

"आता अजून काय, बाप्पा?" काका.

"घाईत बोललो मी. तिला वाचवायचं होतं. पण काका, तुम्हीच सांगा, बापाने मुलीला जन्मापासून पाहिलेलं असतं की नाही? मी तिला सप्टेंबरमध्ये पहिल्यांदा पाहिलं. तेव्हा ती पूर्ण वाढलेली होती. मी बाप कसा?"

काका अडकले. लग्नाच्या बाबतीत काकांना खोटं चालत नाही. "मंग तू तिचा कोण लागतो?"

"भाऊ," नवीन म्हणाला. "मोठा भाऊ. तिची राखण केली, तिच्या मागे उन्हातान्हात फिरलो, ती सासरी गेली की खुशाली विचारायला येईन. हे सगळं भावाचंच काम आहे ना? तुम्हीच काल सांगितलंत. मी लिहून घेतलंय."

"अन् बापाबिना लगन लावू?"

"बाप तुम्ही व्हा, काका. सहा लग्नं लावलीत. एकदा तरी स्वतःच्या मुलीचं लावा."

लखीरामकाकांनी हात पुढे केला, नवीनच्या डोक्यावरची टोपी घेतली, स्वतःच्या डोक्यावर घातली आणि ती नीट बसवायला उगीच बराच वेळ लावला. डोळे पुसले ते आम्ही पाहिलं नाही असं दाखवलं.

मग बाबांचा आवाज आला. ते बोटांवर काहीतरी मोजत होते. "थांबा बरं. हा नवरीचा भाऊ. अन् नवरदेवाची बहीण कोण?"

सगळ्या माना माझ्याकडे वळल्या. कळशी माझ्या हातातून निसटता निसटता राहिली.

"अवो," माय मोठ्यांदा म्हणाली, आणि मला कळलं की ती याचीच वाट पाहत होती, "त्याची बहीण आपल्या घरात अन् आपली पोरगी त्याच्या घरात? हे तं साटंलोटं झालं!"

मांडवात जो काही कल्ला उठला! साटंलोटं कोण मोडणार? दोन घरांनी एकमेकांच्या पोरी घ्यायच्या, ही तर आमच्याकडची सगळ्यात पक्की गाठ. खुद्द काकांनी मान डोलावली. "बसते," ते म्हणाले. "नात्यात एकदम बसते. उलट आता नाही केलं तं बेंडकाईचंच लगन अर्धं राहीन."

नवीनने चष्मा काढला, पुसला, परत घातला. आणि त्या भर मांडवात, अडीच-तीनशे माणसांसमोर, तो माणूस बोलला.

"बाबा, मी परवा हेच विचारायला आलो होतो. मला सुचिता आवडते. मार्चपासून. ती पावडं घेऊन उभी होती तेव्हापासून. मला कमी बोलायची सवय आहे, पण ती जवळ असली की मला मोजता येत नाही, लिहिता येत नाही, वहीत सगळीकडे तिचंच नाव येतं. तुमची परवानगी असेल तर... आणि तिची हरकत नसेल तर... मला तिच्याशी लग्न करायचं आहे."

माझ्या डोळ्यातून घळाघळा पाणी. त्या पोराने चार महिन्यांचं एका दमात बोलून टाकलं होतं.

बाबांनी मिशीवरून हात फिरवला. "मले का समजत नाही वाटते? बेंडूक पाहायले माणूस इस्त्रीचा शर्ट घालून येते का?" मग माझ्याकडे बघून, "काय वं, तुले पसंत हाये?"

मी मान हलवली. माझ्याकडे पहिल्यांदाच शब्द नव्हते.

"मंग ठरलं. पण आता चातुर्मास लागला. बेंडकाईचं आज उरकून टाकू, या दोघाईचं तुळशीचं लगन झाल्यावर पाहू. काय जवाईबापू, चार महिने थांबसान ना?"

"हो हो," नवीन लगेच म्हणाला. "काही घाई नाही. मी थांबेन."

काही घाई नाही! माझे शब्द एकदम सगळे परत आले.

"बाबा," मी म्हटलं, कळशी मायच्या हातात देत, "हा चार काय, आठ महिने थांबन! याले जमिनीखाली झोपणाऱ्याईची सवय हाये. मी नाही थांबत!"

मायने कपाळावर हात मारला. लखीरामकाका अंतरपाट धरून तसेच उभे राहिले, मंगलाष्टकाची पहिली ओळ विसरून. नवीनच्या चेहऱ्यावरचं हसू आवरता आवरत नव्हतं. आणि बॅन्डवाल्यांना कुणीतरी वाजवायची खूण केली. मी पाहिलं, ते बाबाच होते.